बाथरूमच्या साध्या आरशाला चौकट करायची, तर आधी आरसा उतरवा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नागपूरच्या बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बेसिनवर २४ बाय ३६ इंचांचा साधा आरसा लावून दिलाय. चार कोपऱ्यांत चार स्टीलच्या टोप्या आहेत आणि खालच्या कडेला काळे डाग पडायला लागलेत. हॉलच्या कामातून उरलेली एमडीएफची मोल्डिंग घरात पडून आहे. ती ४५ अंशांत कापायची, आरशाच्या काचेवर चिकटवायची, डागही झाकले जातील आणि शोभाही येईल असा बेत आहे. सुतार म्हणाला, "चिपकवून देतो, काही होत नाही." तुम्हाला मात्र ते स्वतः करायचंय आणि त्यासाठी कोणता गोंद आणावा, हे विचारलंय.

गोंद सांगतोच. पण तुमची खरी अडचण गोंदाची नाही. तुमचा आरसा त्या टोप्यांखालच्या चार स्क्रूंवर आहे, म्हणजे तो निघतो. त्याच्यावर, टोप्या झाकून, चौकट चिकटवलीत की तो पुन्हा निघणार नाही. आणि ज्या आरशाची कड काळी पडायला लागली आहे, तो दोन-चार वर्षांत काढावा लागणारच. तेव्हा चौकट आणि आरसा दोन्ही फोडूनच काढावे लागतील, सोबत दोन-तीन टाइल्सही जातील. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आरसा खाली घ्या, त्याला फोटोसारखी खरी चौकट करा आणि ती भिंतीवर टांगा. काम थोडं वाढतं, पण लागणारी हत्यारं तीच राहतात.

आधी काळ्या डागांचं. आरशाच्या मागे चांदीचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावर रंगाचं संरक्षण. कापलेल्या कडेला हा रंग संपतो, चांदी उघडी राहते. तिथे पाणी रेंगाळलं की थर काळा पडत आत सरकतो. तुम्ही म्हणता वरची कड स्वच्छ आहे आणि खालचीच खराब. ते अगदी साहजिक आहे, कारण पाणी काचेवरून ओघळून खालच्या कडेला थेंब धरून बसतं. पाण्यापेक्षाही वाईट म्हणजे टाइल्स धुवायचं ॲसिड. आपल्याकडे बोअरचं पाणी असलं की टाइल्सवर पांढरे थर चढतात आणि ते काढायला बाई बाटलीभर ॲसिड ओतते. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ कडेतून चांदीपर्यंत पोचते. काळा झालेला भाग घरी परत चांदीचा करता येत नाही. तो झाकता येतो आणि पुढे पसरण्याचा वेग कमी करता येतो, बस. डाग कडेपासून इंचभराच्या आत असेल तर आरसा ठेवा. त्याच्या पुढे गेला असेल तर तेवढ्याच मापाचा ५ मिलिमीटरचा नवा आरसा कापून घ्या आणि त्याला भोकं पाडूच नका, कारण आता ती लागणार नाहीत.

एमडीएफचं काय, हे तुमचं बेसिन नेमकं कुठे आहे त्यावर आहे. नागपुरातल्या बऱ्याच घरांत हात धुवायचं बेसिन जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात असतं. तिथे वाफ नाही, बादलीचे शिंतोडे नाहीत, रंग नीट दिलेलं एमडीएफ तिथे खुशाल चालतं. तुमचं बेसिन मात्र गिझर आणि शॉवर असलेल्या बाथरूममध्ये आहे. एमडीएफ म्हणजे गोंद घालून दाबून घट्ट केलेले लाकडाचे बारीक तंतू. कापलेल्या टोकातून त्याने एकदा पाणी प्यायलं की ते फुगतं आणि वाळल्यावरही पुन्हा बसत नाही. ती पट्टी देवघराच्या फोटोला वापरा. इथे दोनच गोष्टी सुचवतो. रंग द्यायचा असेल तर डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) किंवा पीव्हीसी बोर्डच्या कापलेल्या पट्ट्या, त्यांना पाण्याचं काही वाटत नाही. लाकडाचा रंगच हवा असेल तर सागवान.

सागवान म्हटलं की लोक दचकतात. तुमच्या चौकटीला लागणारं लाकूड, रंध्यात जाणारं धरूनही, पाव घनफुटाच्या आत बसतं. अख्खी फळी घ्यायची गरजच नाही. लकडगंजात, आपल्या लाकडाच्या बाजारात, दारं-खिडक्या करणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात. बल्लारशाहचं जे सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी धाडलं, ते आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून गेलं, आणि तुम्हाला त्याचे चार तुकडेच हवेत. तिथेच मशीनवर रंधा मारून दोन मापांच्या पट्ट्या करून मागा: अडीच इंच रुंद आणि १२ मिलिमीटर जाड अशी साधारण १२ फूट, आणि एक इंच रुंद, १२ मिलिमीटर जाड अशी तेवढीच. पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. वाकडी दिसली तर तिथेच परत करा, घरी ती सरळ होणार नाही.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. आठ-पंधरा दिवस घरात उभं करून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर हवा भाजून काढणारी कोरडी असते आणि घरात कूलर धो-धो ओलावा फेकत असतो. त्या आठवड्यात टालमधून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, आलेली पट्टी घरात आली की रुंदीला फुगते. तिला जे काही हलायचंय ते कापण्याआधी हलू द्या.

आता ४५ अंशांच्या जोडाबद्दल, कारण तुमचा जीव त्याच्यात अडकलेला दिसतो. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. उन्हाळ्यात कोरड्या लाकडाची ४५ अंशांत कापून चौकट केली, की जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पट्ट्या रुंद होतात आणि जोडाची बाहेरची टोकं उघडतात. पावसाळ्यात केली, तर एप्रिल-मेमध्ये त्या आकसतात आणि फट आतल्या, म्हणजे काचेकडच्या कोपऱ्यात पडते. अडीच इंचांच्या पट्टीत हा फरक मिलिमीटरभर असेल, पण कोपऱ्यातली मिलिमीटरची काळी रेघ डोळ्यात खुपते. बाथरूममध्ये पाणी आत जायची वाटही तीच. हॉलमधल्या फोटोला मीही ४५चाच जोड देतो. नागपूरच्या बाथरूममध्ये देत नाही. शिवाय चार कोपऱ्यांतले आठही काप तंतोतंत यावे लागतात. अर्धा अंश चुकला तरी चौथा कोपरा मिटत नाही.

त्याऐवजी दोन थरांची चौकट करा. हेच या कामातलं मुख्य, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुढचा थर अडीच इंची पट्ट्यांचा. यात वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण लांबीची, दोन्ही उभ्या पट्ट्या त्यांच्या मध्ये. मागचा थर एक इंची पट्ट्यांचा, आणि तिथे उलटं करायचं: उभ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या, आडव्या त्यांच्या मध्ये. दोन्ही थर बाहेरच्या कडेला जुळवून एकमेकांवर चिकटवले की पुढचा जोड आणि मागचा जोड एकाच रेषेत येत नाहीत. एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या अखंड लाकडाने धरलेला असतो. घरी मशीन नाही, खाच पाडणं नाही, सगळे काप काटकोनात, आणि कोपरा ४५च्या जोडापेक्षा कितीतरी मजबूत. मागची पट्टी पुढच्यापेक्षा अरुंद असल्यामुळे आत दीड इंचाची पायरी आपोआप तयार होते. आरसा त्या पायरीवर बसतो.

तुमच्या आरशाची मापं: बाहेरून चौकट सव्वासव्वीस बाय सव्वाअडतीस इंच. पुढच्या आडव्या पट्ट्या सव्वासव्वीसच्या दोन, उभ्या सव्वातेहतीसच्या दोन. मागच्या उभ्या सव्वाअडतीसच्या दोन, आडव्या सव्वाचोवीसच्या दोन. यात आरशाच्या चारही बाजूंना इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीनेक मिलिमीटर मोकळे राहतात. ते मुद्दाम ठेवलेत. लाकूड फुगलं तरी काचेला दाबणार नाही. ही मापं आरसा खरोखर २४ बाय ३६ असेल तरची आहेत. तो उतरवल्यावर वर, मध्ये, खाली असा तीनदा मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. आरसा कापणारा घाईत असतो, एखादा कोपरा हमखास तिरका निघतो.

या मापांनी चौकटीची कड काचेवर सव्वा ते दीड इंच येते. त्यात तुमचे डाग झाकले जातील आणि टोप्यांची भोकंही. फक्त एक तपासा: भोक आरशाच्या कडेपासून किती आत आहे? मध्य एक इंचावर असेल तर चिंता नाही. दीड-दोन इंचांवर असेल तर पुढची पट्टी अडीचऐवजी साडेतीन इंचांची घ्या आणि पुढच्या उभ्या पट्ट्या त्या हिशेबाने दोन इंचांनी आखूड करा.

चिकटवायला पाणी सहन करणारं लाकडाचं फेव्हिकॉल घ्या, मरीन म्हणून मिळतं ते. सागवानात तेल असतं, म्हणून लावण्याआधी जोडाची जागा थिनरच्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. चौकट सपाट फरशीवर वर्तमानपत्र अंथरून जोडा, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावा, कर्ण सारखे आले की वर वजन ठेवून रात्रभर हात लावू नका. मागून पाऊण इंची स्क्रू मारायचे तर ते पितळी किंवा स्टेनलेस. साध्या लोखंडी स्क्रूभोवती सागवानात काळा डाग फुटतो.

पॉलिश आरसा बसवण्याआधी करायचं, नंतर नाही. चपडीचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, ते इथे नको. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात द्या, मध्ये बारीक पॉलिश पेपर मारत. सगळ्यात जास्त माल पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना पाजा. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः तिथूनच. आणि काचेवर टेकणाऱ्या कडेची मागची बाजू विसरू नका. फोटोच्या चौकटीत ही बाजू कुणाला दिसत नाही, आरशात दिसते. काच ५ मिलिमीटर जाड आणि चांदी तिच्या मागे, त्यामुळे बाजूने बघितलं की कडेच्या मागचं कोरं लाकूड, पेन्सिलच्या खुणा, फेव्हिकॉलचे ओघळ सगळं प्रतिबिंबात उमटतं. मागून इंच-दीड इंच पॉलिश गेलंच पाहिजे.

आरसा उतरवायला दोन माणसं. काचेवर मास्किंग टेपची फुली मारा, हातात मोजे घाला. टोप्या हाताने फिरवल्या की निघतात. गंजल्या असतील तर मशीनच्या तेलाचा थेंब टाकून फडक्याने फिरवा, पक्कड लावू नका. खालचे दोन स्क्रू आधी, मग एकाने आरसा धरायचा आणि दुसऱ्याने वरचे दोन काढायचे. ५ मिलिमीटरचा हा आरसा साधारण सात किलोंचा आहे, उचलायला जड नाही, पण ओल्या हातातून निसटायला पुरेसा.

उतरवलेल्या आरशाची कड कोरड्या कपड्याने पुसा, दोन दिवस सावलीत उभा ठेवा, मग चारही कडांना आणि मागच्या बाजूने अर्धा इंच आत तैलरंगाचे दोन पातळ हात द्या. जुना डाग तसाच राहील, नव्या पाण्याची वाट अडेल.

चौकट पालथी ठेवा. खालच्या बाजूला आरशाखाली तीन मिलिमीटर जाड रबराचे दोन तुकडे ठेवा, म्हणजे काच ओल्या लाकडावर टेकणार नाही. त्यावर आरसा, मागे ३ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमची हलकी शीट. तो पाणी पीत नाही आणि वजनही जेमतेम किलोभर. मागच्या पट्टीला लाकडाच्या छोट्या फिरत्या टिकल्या स्क्रूने लावा, त्या सनबोर्डला धरतील. आरसा कुठेही चिकटवायचा नाही.

आता तुमचा गोंद. तो लागतो फक्त एका रेघेपुरता: पुढून, खालच्या पट्टीची कड काचेला जिथे मिळते तिथे सिलिकॉनची बारीक रेघ. पण दुकानात साधं "सिलिकॉन द्या" म्हणालात तर बहुतेक वेळा व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं मिळेल. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते आरशाची मागची चांदी खातं. ट्यूबवर "न्यूट्रल" लिहिलेलं मागा, थोडं महाग असतं. आणखी एक गोष्ट, दुकानदार सांगत नाही: सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं. भर उन्हाळ्यात, कूलर नसलेल्या खोलीत, ते उलट हळू सुकतं. उकाडा आहे म्हणून लवकर होईल असं धरू नका, दोन दिवस द्या.

ही रेघ फक्त पुढून. चौकटीच्या मागे, खालच्या पट्टीत दोन-तीन ठिकाणी कानसीने लहान खाचा करा आणि त्या उघड्याच ठेवा. कितीही बंदोबस्त केला तरी थोडं पाणी आत जातंच. गेलेल्या पाण्याला बाहेर यायला जागा हवी. लोक हौसेने मागूनपुढून सगळीकडे सिलिकॉन भरतात आणि पाणी आत कोंडून ठेवतात. अशा आरशाची कड आतून काळी होते, आणि वरून सगळं छान दिसत असल्याने कळतही नाही. खालच्या पट्टीची आतली वरची कड पॉलिश करण्याआधी पेपरने पुढच्या बाजूला उतरती करून घ्या, म्हणजे थेंब तिथे बसणार नाहीत.

टांगायला टाइल्सला नवीन भोक पाडायची गरज नाही. वरच्या दोन जुन्या स्क्रूंच्या जागा आहेत, त्यांतल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ढिल्या असतील तर बदला. एक १२ मिलिमीटर जाड, दोन इंच रुंद पट्टी उभी लांबीला ४५ अंशांत चिरून घ्या, टालवरच करून देतात. तुमच्या आवडत्या ४५ अंशांची खरी जागा ही. एक अर्धी भिंतीवर, जुन्या दोन भोकांत स्क्रूने, उताराची बाजू वर आणि भिंतीकडे. दुसरी चौकटीच्या मागे, दोन्ही उभ्या पट्ट्यांवर आडवी, उताराची बाजू खाली. ही मारताना एक इंची स्क्रू घ्या, दीड इंची पुढून बाहेर येईल. वरून चौकट सोडली की एक पट्टी दुसरीत अडकून बसते. सगळं मिळून वजन दहा-अकरा किलो होईल. गिट्ट्या पक्क्या असतील तर दोन स्क्रू ते सहज पेलतात. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे १२ मिलिमीटरचेच रबर लावा, म्हणजे ती भिंतीला समांतर राहील आणि मागून हवा खेळेल.

नवीन भोक पाडायची वेळ आलीच, तर नळाच्या बरोबर वरच्या उभ्या पट्ट्यात पाडू नका, पाइप तिथूनच आलेला असतो. आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, किंवा ज्यांचा आरसा टाइलला पूर्ण चिकटवलेलाच आहे त्यांना, हे सगळं लागू नाही. चिकटलेला आरसा ओढून काढायला जाऊ नका, तो हातात फुटतो. त्यांच्यासाठी हलकी पॉलिस्टायरिनची मोल्डिंग आणि आरशाची फोम टेप बरी. वजन किलोच्या आत ठेवा, कारण ते सगळं आरशावरच येतं.

तुम्ही काम कधी सुरू करावं असं विचारलंत, तर दसऱ्यानंतर. हवा ना फार दमट ना फार कोरडी, लाकूड मधल्या मापावर असतं, आणि पीयू नीट पसरतं. मे महिन्यातच करायचं असेल तर पॉलिश सकाळी लवकर उरका. दुपारच्या उन्हात ते ब्रशखालीच सुकतं आणि बुडबुडे धरतं. टांगून झाल्यावर आरसा पुसताना फवारा काचेवर मारू नका, फडक्यावर मारा. आणि ॲसिडने टाइल्स धुवायच्या दिवशी चौकट पट्टीवरून उचलून बाहेर खाटेवर ठेवा. आता ती निघते.